पेटीवरची जागा

खरं सांगा, तुम्ही देवाला जास्त भिता की शेजारच्या बाकावर बसलेल्यांना?

हा प्रश्न मीच एका पत्रकात छापला होता. वडिलांना पत्रकं काढायचा नाद. निपाणीच्या आमच्या घरात आम्ही दोघं भावंडं त्या पत्रकांच्या घड्या घालतच मोठे झालो. ‘माणसांना नव्हे, देवाला भ्या’ हे त्या पत्रकाचं शीर्षक. कापणीच्या सणादिवशी मी ते चर्चच्या दारात प्रत्येकाच्या हातात दिलं. धाकट्या बहिणीनं ते न वाचताच दुमडून हलणाऱ्या पेटीखाली टेकण म्हणून सारलं. ती दर रविवारी पेटी वाजवायची. मला ती जागा लहानपणापासून हवी होती.

सणाला प्रत्येक जण शेतातलं काहीतरी आणतो, वेदीपुढं ठेवतो आणि उभं राहून देवानं केलेल्या भल्याची साक्ष देतो. त्या वर्षी सीमेचा वाद तापला होता. बाहेर उगाच बोलणं नको म्हणून साक्ष फक्त मराठीतच द्यायची, असं चर्चच्या पंचांनी ठरवलं होतं.

संकेश्वरकडची एक म्हातारी लेकीकडं राहायला आली होती. तिनं उसाची मोळी ठेवली आणि कानडीत बोलायला लागली. थोरले पंच उठले.

“आजी, मराठीत बोला.”

म्हातारी गप्प झाली. तिला मराठी कळायची, बोलता यायची नाही. सगळे खाली बघत होते. मीही माझंच पत्रक वाचत होतो.

मागं हळू वाजणारी पेटी थांबली. बहीण उठून म्हातारीजवळ गेली.

“नीव हेळ्री, अज्जी. तुम्ही सांगा, मी मराठीत सांगते.”

“पोरी, पेटीवर बस,” पंच म्हणाले.

“बसते की काका. आजीचं होऊ दे.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांचं ऱ्हाऊ द्या. देवाला दोन्ही कळत्यात.”

मागून कुणीतरी हसलं. म्हातारीनं नातवाचा ताप उतरल्याची साक्ष दिली, बहिणीनं ती ओळीओळीनं मराठीत सांगितली.

पुढच्या आठवड्यात पंचांनी तिला पेटीवरून काढलं आणि मला बसवलं. पत्रकाची त्यांनी तारीफही केली. म्हणाले, “तुझ्यासारखी तडफदार पोरं पाहिजेत.”

तर आता पेटी माझ्याकडं आहे. बहीण खाली चटईवर म्हातारीशेजारी बसते. म्हातारी तिला शेंगा देते, त्या दोघी उपदेश चालू असताना हळूच खातात, आणि माझे सूर चुकतात. मी इतकी वर्षं ज्या जागेसाठी जळत होतो तिथं बसूनही तिच्यावरच जळतो. ‘देवाला भ्या’ हे वाक्य माझं होतं. घासून पुसून मी लिहिलं होतं. तिनं ते वाचलंसुद्धा नाही, आणि तरी ते तिचंच झालं. घरी मी तसं म्हणालो तर म्हणाली, “दादा, घे की परत. मी कुठं धरून ठेवलंय?”

परत कसं घ्यायचं ते मला ठाऊक आहे. येत्या रविवारी पेटीवरून उठायचं आणि म्हातारीला पुन्हा साक्ष द्यायला बोलवायचं. मग पेटी जाईल.

तुमच्याही मंडळीत असं कुणीतरी गप्प बसवलेलं असेल. येत्या रविवारी उठा, त्याच्याशेजारी जाऊन उभे राहा आणि त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या. माझी वाट बघू नका.