सिरियस खोलीतली हवा

शपथेवर सांगतो, पुढचं सगळं खरं आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे निम्मं पाहिलंय. निम्म्या वेळी मी आत औषधं खलत होतो. दवाखान्यात किस्से साचतात ते मिक्श्चरच्या रिकाम्या बाटल्यांसारखे. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडावं तर अंगावर येतात.

साल सत्तावन, फ्लूची साथ. शहाद्याकडच्या एका लहानशा दवाखान्यात मी कंपाउंडर. ब्राह्मणपुरीचे जिभाऊ, केळी-कपाशीवाले वजनदार गुजर, न्यूमोनियाने सिरियस खोलीत पडलेले. डॉक्टर पुण्याकडून नवेच आलेले. त्यांनी जिभाऊंच्या बायकोला, जिजींना, बाजूला घेतलं.

"दोन्ही फुप्फुसं भरलीत. त्यात हा फ्लू लागला, तर माझ्या हातात काही नाही. आणि तो हवेतून येतो."

जिजींनी तेवढंच धरून ठेवलं. हवेतून!

*

दुसऱ्या सकाळी खोलीत गेलो तर अंधार. खिडक्या बंद आणि फटीफटीत घरचा कापूस कोंबलेला. दाराखालीसुद्धा.

डॉक्टर संतापले. "खिडक्या उघडा. आतली हवा बाहेर गेली पाहिजे."

"मंग बाहेरनी हवा मझार यी ना, डाक्टरसाहेब?"

"बाहेरची स्वच्छ असते."

"हवावर तसं लिखेल शे का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापूस वेचायला लागलो. शेवटी एक खिडकी उघडी, एक बंद, असं ठरलं. हवेने कुठून यायचं आणि कुठून जायचं, हे मात्र तिला कोणी सांगितलं नाही.

*

आमच्याकडे सिरियस माणसाच्या समाचाराला न जाणं म्हणजे कायमचं वैर. तेव्हा दुपारी चार गाड्या भरून सोयरे उतरले. डॉक्टरांनी दारातच बजावलं, "खोलीत एका वेळी एकच माणूस."

संध्याकाळी येऊन पाहतात तर रांग दवाखान्याबाहेर चिंचेपर्यंत. एक बाहेर आला की दुसरा आत, तोही जिभाऊंच्या तोंडाशी वाकून "वळखं का माले?" विचारून.

"हे काय चाललंय?"

"एकेकच ग्यात, साहेब," म्हातारा व्याही म्हणाला. "तुम्हना शब्द मोडा नही."

*

मग नवा हुकूम निघाला. आत जाणाऱ्याने नाकातोंडावर कापड बांधायचं. बायकांचं काम पदरावर भागलं. पुरुषांनी उपरणी आवळली, आणि कापड आहे म्हटल्यावर भीती कसली, सात जण एकदम आत शिरले.

नेमके तेव्हाच जिभाऊंनी तापात डोळे उघडले. समोर सात तोंडं बांधलेले गडी. त्यांनी हात जोडले.

"बैल लई जा भो, पन माले मारू नका."

सख्ख्या भावाने खाली वाकून हळूच विचारलं, "कोनता, जिभाऊ? पांढरा का?"

*

हसण्यावारी गेलं असतं. पण त्या सातांत प्रकाशा गावाहून आलेला जिभाऊंचा एक मावसभाऊ होता. बराच वेळ त्याने उबळ दाबली. मग उपरणं खाली ओढलं, जिभाऊंच्या उशाशी पोटभर खोकला आणि उपरणं पुन्हा नीट बांधलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अहो, कापड काढलंत कशाला?"

"उपरनामा खोकता येत नही, साहेब. जीव गुदमरस."

जिजी भिंतीला टेकून खालीच बसल्या. दोन दिवस त्या जिभाऊंच्या कपाळावरचा हात काढीनात. डॉक्टर तासातासाला थर्मामीटर लावत.

*

तिसऱ्या दिवशी ताप चढला. मला, सिस्टरना आणि सगळ्यांत जास्त डॉक्टरांना. जागा नव्हती, म्हणून त्यांना सिरियस खोलीतच जिभाऊंशेजारी झोपवलं. जिभाऊ उशीला टेकून खिचडी खात होते. ताप नाही, खोकला नाही.

डॉक्टर कण्हत म्हणाले, "जिभाऊ, तो माणूस तुमच्या तोंडावर खोकला. मग मला कसा लागला आणि तुम्हाला कसा नाही?"

जिभाऊंनी घास गिळला. खाटेमागच्या ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे बोट केलं. ते धुळ्याहून मागवलं होतं.

"माले तं नळीमातून धुळानी हवा चालू व्हती, साहेब. ह्या खोलीनी हवा तं तुम्हीच खादी."

डॉक्टरांनी कूस बदलली.

*

आता, प्रकाशाचा मावसभाऊ तेवढा मी पदरचा घातला. प्रकाशाहून त्या दिवशी कोणी आलंच नव्हतं. इंजेक्शनचा ट्रे घेऊन मी खोलीत गेलो होतो, आणि तो खोकला माझा होता.