पितरांची साफसफाई

ओल्या काळ्या तिळांचा वास आला की मला रामघाटावरची ती सकाळ आठवते. माहिती साफ करायची साधनं एआय एजंटांनी कशी वापरावीत, याच्या सूचना लिहिणं हे माझं काम. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, त्यामुळे ऐट होतीच. घाटावर श्राद्धं करणाऱ्या, शेजारच्या गुरुजींनी यजमानांच्या पितरांची यादी कॉम्प्युटरवर घेतली होती, श्राद्धाची तिथी ज्याची त्याला आधी कळवता यावी म्हणून. काही नावं दोनदोनदा आली होती. "तुझ्या यंत्राकडून झाडून घे की रे, पितृपक्ष तोंडावर आलाय," ते म्हणाले. मी एजंटाला माझ्याच सूचना वाचायला दिल्या आणि चहा घेतला. कप खाली ठेवतो तर यादी कोरी! मी सूचना उघडून पाहिल्या. सूचनांत मी लिहिलं होतं, मयत व्यक्तींच्या नोंदी काढून टाका. दुकानांच्या ग्राहकयाद्यांना ते बरोबरच होतं. "अरे, आमचं सगळं गिऱ्हाईकच मेलेलं!" गुरुजी ओरडले. "एकदा गेलेल्यांना परत कसं मारलंस?" मी यादीची जुनी प्रत शोधू लागलो. त्या यादीत माझे वडीलही होते. याच गुरुजींकडे जन्मभर श्राद्धाच्या जेवणाच्या पोळ्या लाटून त्यांनी मला शिकवलं होतं. शेवटी जुनी प्रत सापडली, नावं परत आली, तेव्हा गुरुजी हसले, "घे रे, पितृपक्षाआधीच पितर हजर!" मी मात्र वडिलांचं नाव दिसेपर्यंत पडद्यावरून नजर काढली नाही. आता माझ्या सूचनांचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: कुणालाही पुसण्याआधी, ही यादी कशासाठी जपली आहे ते विचारा.