भोंग्याने आवाज पाडला नाही

सभांना माईक लावतो म्हणून सगळे त्याला भोंग्याच म्हणत. कुणीही बोलो, आवाज सगळ्यांना सारखा द्यायचा, हा त्याचा नेम. आज मात्र सभागृहात वाद पेटला होता. सरकारी पैसा उड्डाणपुलाला द्यायचा की गळक्या दवाखान्याला? पुलाची बाजू मांडून झाली, तशी भोंग्याची थोरली बहीण उठली. ती त्याच दवाखान्यात नर्स होती.

"एका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी झोपवते मी. उरलेल्या काय पुलाखाली झोपवू?"

लोक हसले. अध्यक्षांनी भोंग्याकडे बघत बोट खाली केलं. भोंग्याची चूल सरकारी सभांवरच पेटायची. तरी आवाजाच्या बटणावरचा हात त्याने हलवला नाही.

अध्यक्ष पुढे वाकून दबक्या आवाजात खेकसले, "अरे, बहिरा झालास का? तिचा आवाज पाड!"

त्यांचा माईकही चालूच होता. चारही कर्ण्यांतून ते शब्द सभागृहभर घुमले.

पुढच्या सभेचं बोलावणं येणार नाही, हे भोंग्याला कळून चुकलं. तो आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलला.

"बोल ताई. चालू आहे."