उलथन्याचा ओरखडा

डिस्क देताना चाचा ती आधी उजेडाकडे धरत, मग गिऱ्हाइकापुढे करत. "तुम्हीही बघा. माझी नजर अधू झालीय." पनवेलच्या बाजारात त्यांचं सिनेमे भाड्याने देण्याचं दुकान होतं. ही सवय त्यांना माझ्यामुळे लागली, हे आता लिहून टाकतो.

घरोघरी केबल होती, तरी मी डिस्कच नेई. चाचा म्हणत, "केबल म्हणजे लग्नाची पंगत. वाढतील ते खायचं, उठवतील तेव्हा उठायचं. डिस्क म्हणजे घरचा डबा."

एकदा डिस्क प्लेअरमध्ये अडकली. मी ती उलथन्याने ओढून काढली आणि तिच्यावर लांब ओरखडा पडला. टूथपेस्ट चोळली की ओरखडा जातो, असं ऐकलं होतं. आमच्याकडे पेस्ट नव्हती. मी काळं दंतमंजन चोळलं. दुकानात मात्र चारचौघांत म्हणालो, "चाचा, खराब माल देता?" तळोज्याच्या कारखान्यात माल तपासण्यात माझी हयात गेलेली; माझ्या शब्दाला वजन होतं. चाचांनी डिस्क नाकाजवळ नेली, पुसली आणि म्हणाले, "माफ करा साहेब, माझीच नजर चुकली." चाचांना दिसत नाही, ही बातमी बाजारभर झाली. काही गिऱ्हाइकं तुटली. मी मात्र खरं न सांगता डिस्का नेतच राहिलो.

पुढे डिस्का नेणारेच उरले नाहीत. मुलाने मला मोबाइलवर एक सिनेमा कायमचा विकत घेऊन दिला. तो दाखवायला मी चाचांकडे गेलो.

"छान. आज माझ्याकडे ठेवून जाल?"

"तसा देता येत नाही, चाचा."

"मग तुमचा कसा? जी चीज दुसऱ्याला देता येत नाही, ती आपली नव्हे."

मला राहवलं नाही. उलथन्याचं सगळं सांगून टाकलं. चाचा खो खो हसले. "अहो साहेब, डिस्कला लवंगेचा वास येत होता! काळं मंजन तुमच्याशिवाय कोण वापरतं?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"डिस्क दुसरी आणता येते. चारचौघांत खोटा पडलेला माणूस परत दुकानात येत नाही. दुसऱ्या कुणावर खोटं बोलायची पाळी येऊ नये, म्हणून तर आधी दाखवायला लागलो."

दुकान बंद करून मुलीकडे राहायला जाताना त्यांनी तीच डिस्क मला दिली. "ही मात्र तुमची."

ती अजून लावतो. ऐन गाण्यात चित्र थांबतं. सूनबाई विचारते, "बाबा, हा ओरखडा कुणी पाडला?"

"मी," असं आता एका दमात सांगतो.