स्टेपनीच्या जागी पेढे

मागचं डावं टायर फाटलं तेव्हा दोन वाजले होते. उमेदवारी अर्ज भरायची मुदत तीनपर्यंत होती आणि हिंगोली अजून पंधरा किलोमीटर. अर्ज ज्यांचा होता ते अण्णा मला म्हणाले, “इंजिनीअर, हे काय बसवून दिलं तुमी?”

मी इंजिनीअर नाही. आयटीआय केलेला मेकॅनिक आहे, वसमतला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान चालवतो. पण काम बिघडलं की गिऱ्हाईक आपला हुद्दा वाढवतं.

अण्णा हळदीचे मोठे आडते. त्यांनी हैदराबादहून वीस वर्षं जुनी, दोन दारांची, बुटकी परदेशी स्पोर्ट्स कार आणली होती. मागे सीट होतं, पण ते बहुतेक छत्री ठेवायला दिलं असावं. एका सहकारी संस्थेच्या संचालकपदासाठी अण्णा उभे राहणार होते. त्याआधी गाडी दुकानात आली.

“टायर बारीक दिसून राहिले,” अण्णा म्हणाले. “लोकांनी वळून पाहिलं पाहिजे. रुंद टाका.”

“अण्णा, रुंद टायर एक तर आत घासतं, न्हाई तर बाहेर येतं.”

“ती तकलीफ तुमची. गाडी आमची.”

रुंद मॅग व्हील, म्हणजे अलॉयची चाकं, मागवली. चाक हबवर बसल्यावर किती आत आणि किती बाहेर राहतं, त्या हिशेबाला ऑफसेट म्हणतात. तो चुकला की टायर आत शॉकअब्सॉर्बरला घासतं, नाही तर बाहेर मडगार्डला. मी चार वेळा मापं घेतली. मडगार्डची कड ठोकून आत दुमडली. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. टायरच्या वर दोन बोटं जागा राहत होती. परभणी रोडला एकट्यानं चक्कर मारली, कुठेच घासलं नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

अर्जाच्या दिवशी चारही टायरखाली लिंबं फुटली. मग माणसं बसायला लागली. पुढे स्टेअरिंगवर अण्णा आणि शेजारी त्यांचे सूचक. मागे अनुमोदक, अण्णांचे मेव्हणे आणि मी. नव्या चाकांचा मिस्त्री पहिल्या फेरीला सोबत पाहिजे, असा अण्णांचा हट्ट होता. औंढ्याच्या पुढे पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून खर्रकन आवाज आला.

“अण्णा, वजनानं गाडी बसली. मडगार्ड टायरवर टेकतंय. दोघं उतरा, यष्टीनं या.”

“मला सही करायची हाय,” सूचक म्हणाले.

“मला बी,” अनुमोदक म्हणाले.

“मी घरचा माणूस,” मेव्हणे म्हणाले.

“मग मीच उतरतो.”

“मेकॅनिक उतरला तर लोक म्हणतील गाडी बिघडली,” असं म्हणून अण्णांनी कॅसेटचा आवाज वाढवला. मडगार्डच्या कडेनं दहा किलोमीटर टायर कापलं आणि मग ते फाटलं.

मी स्टेपनीसाठी डिकी उघडली. आत पेढ्यांची खोकी होती.

“स्टेपनी घरी ठेवली,” मेव्हणे म्हणाले. “पेढ्याला जागा नको का?”

बाजारात तुरी अन् कोण कोणाला मारी, तशातली गत. सव्वादोनला हिंगोलीची यष्टी आली. मी हात केला, कंडक्टरनं दारही उघडलं. अण्णा हलले नाहीत.

“स्टँडवर आपली माणसं हार घेऊन हुबी हायेत. त्यांच्यासमोर यष्टीतून उतरू काय?”

यष्टी निघून गेली. दोन-चाळीसला सरकीच्या पेंडीचा टेम्पो आला. तोवर अण्णांचा ताठा उन्हात बराच मऊ झाला होता. आम्ही पोत्यांवर बसून निघालो आणि तीन वाजून सात मिनिटांनी पोचलो. अधिकाऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. समोरचा उमेदवार बिनविरोध निवडून आला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात शाल-नारळ घेऊन आला. “आमच्या विजयात तुमचा वाटा मोठा हाय,” म्हणाला आणि चार लोकांसमोर शाल घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत माझा पहिला सत्कार, तोही चुकीच्या कामाचा. संध्याकाळी अण्णांचा निरोप आला: “तुमी त्याचेच माणूस निघाले.”

मी कोणाचाच माणूस नव्हतो. पण चूक माझी होती, हे मान्य करतो. मी रिकाम्या गाडीचं माप घेतलं. आमच्या भागात रिकामी गाडी फक्त गॅरेजमध्ये असते. तेव्हापासून शेजारच्या हॉटेलातली पाच माणसं गाडीत कोंबतो आणि मगच मापाची टेप लावतो. त्यांना चहा पाजावा लागतो, पण माप बराबर येतं.

अण्णांनी बारीक टायर परत बसवली नाहीत. दुसऱ्या गॅरेजात जाऊन मागचं सीटच काढून टाकलं. पुढच्या निवडणुकीला सूचक आणि अनुमोदक यष्टीनं गेले. अण्णा गाडीतून एकटेच गेले, वेळेत पोचले, कुठे घासलं नाही. मतंही साधारण गाडीतल्या माणसांइतकीच पडली.

रुंद टायर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आता मी आधी एकच विचारतो: सोबत माणसं न्यायची आहेत का?