सलीमचा व्हायरस घालवला कोणी?

आमच्या नगरच्या लॅबमध्ये रिपोर्ट फायलीत जातात, रक्ताच्या नळ्या फ्रीजमध्ये. किस्से मात्र टेबलावरच साचत राहतात! त्यातले सलीमचे सांगते. सलीम म्हणजे माझ्या शेजारी बसणारा टेक्निशियन.

* * *

हिपॅटायटिस सीच्या एका पेशंटचं रक्त घेताना सलीमला सुई टोचली. काही आठवड्यांनी त्याच्याच रक्तात तो व्हायरस निघाला.

"नळी बदलली असणार. नाव बघ नीट!" तो म्हणाला.

"नाव तुझंच. अक्षरसुद्धा तुझंच!"

पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. मग त्यानं रिपोर्ट घडी करून खिशात घातला.

* * *

आमच्या डॉक्टर मॅडम याच आजारावर संशोधन करतात. त्यांनी समजावलं, "शरीरात काही पेशी जन्मापासून तयार असतात. व्हायरस आला की सगळ्यात आधी त्या धावतात. नॅचरल किलर म्हणतात त्यांना."

सलीम म्हणाला, "मग सुई टोचली तेव्हा कुठं होत्या? चहाला?"

* * *

महिन्याभरात त्याचे डोळे पिवळे झाले. मॅडम म्हणाल्या, "लिव्हरच्या ज्या पेशींत व्हायरस लपलाय, त्यांना तुझ्याच या किलर पेशी मारतायत."

"म्हणजे आमचेच लोक आमचंच घर पाडतायत?"

"हो. पण चोर घरात आहे ना!"

"मग मी हसू का रडू?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बरे होणारे आणि न होणारे, दोघांतही या पेशी अशाच खवळलेल्या दिसतात रे. मलाही कळत नाहीये."

* * *

सलीमनं स्वतःचा कप वेगळा ठेवायला सुरुवात केली. डबाही एकटाच खायचा. एक दिवस मी त्याच्याच कपात चहा ओतला आणि प्यायले.

"अगं, वेडी आहेस का?"

"रक्तातून पसरतो, चहातून नाही. भिंतीवरचं ते पोस्टर कोणी लावलं? तूच ना!"

तो हसला, आणि आपला डबा माझ्यापुढं सरकवला.

* * *

गोळ्या सुरू करण्याआधी मॅडमनी एकदा व्हायरस मोजायला सांगितला. सापडलाच नाही! पुढंही दोनदा तपासलं, नाहीच. एकही गोळी न घेता गेला! सलीम नाचत होता आणि मॅडम डोकं खाजवत होत्या. "बरा झाला हे ठीक. पण कसा?"

* * *

आणि मग पुणतांब्याहून त्याची अम्मी आली.

"माज्या पोराला ज्यांनी वाचवलं, त्यान्ला बघायचंय मला."

मी मायक्रोस्कोप लावून दिला. अम्मीनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"लई हायेत की! यातला कोन हुता?"

मॅडम म्हणाल्या, "अम्मी, तेच तर आम्हाला कळत नाही."

अम्मीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मग समद्यान्लाच सलाम!" म्हणत मायक्रोस्कोपपुढं वाकून तिनं हात कपाळाला लावला.

सलीमनं माझ्याकडं पाहिलं, मी सलीमकडं. स्लाईड माझ्या रक्ताची होती!