चार मुलांची आई

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी कागद मेजावर पसरला आणि चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या. हाती सात तास होते. विनिपेगला या दिवसांत सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. त्यानंतर शनिवारचा दिवस सरेपर्यंत मी लेखणी हातात घेत नाही. हे मला आईने शिकवले, आणि तिला तिच्या आईने.

कागद साडेपाच फूट लांब होता. त्यावर माझ्या व्याह्यांच्या घराण्याची वंशावळ काढायची होती. व्याही, म्हणजे सुनेचे वडील, येथून तासाभराच्या अंतरावर रेड रिव्हरच्या काठी राहतात. आयुष्यभर त्यांनी गहू पिकवला. आता शेती पुतण्याकडे आहे. त्यांचा मूळपुरुष स्कॉटलंडच्या उत्तरेकडील एका बेटावरून फरच्या व्यापारात नोकरीला आला आणि येथेच राहिला. या मुलखात सर्वांत आधी वस्ती करणाऱ्यांपैकी आपण आहोत, असे ते घराणे मानते, आणि ते खरे आहे. रविवारी गावच्या हॉलमध्ये त्या घराण्यातली शे-दीडशे माणसे जमणार होती. भिंतीवर लावण्यासाठी हाताने काढलेली वंशावळ हवी होती.

मी चाळीस वर्षे ड्राफ्ट्समन होतो. आधी मुंबईत, मग टोरांटोत, पुलांचे आणि गोदामांचे आराखडे काढले. बायको गेल्यावर मुलाने इकडे आणले. बेसमेंटमध्ये मला एक खोली आहे आणि एक मेज आहे. वंशावळीच्या तळाशी शेवटचे नाव माझ्या चौदा महिन्यांच्या नातीचे येणार होते. म्हणून मी काम घेतले.

मजकूर व्याह्यांच्या थोरल्या बहिणीकडून आला. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे; घराण्याची वही त्या सांभाळतात. वहीप्रमाणे मूळपुरुषाला एकच बायको, स्कॉटलंडहून आलेली, आणि तिची सात मुले. स्वतः न तपासलेले माप मी कधी कागदावर उतरवले नाही. सप्टेंबरात तीन बुधवार बसने अभिलेखागारात गेलो आणि चर्चच्या जुन्या नोंदवह्यांच्या फिल्म पडद्यावर लावून वाचल्या.

तिसऱ्या बुधवारी ते पान सापडले. एकाच दिवशी, एकाच पाद्र्याच्या हातून पाच बाप्तिस्मे. चार मुले आणि त्यांची आई. मुलांपुढे बापाचे नाव पूर्ण लिहिले होते. आईपुढे त्या सकाळी तिला दिलेले बायबलातले नाव, आणि पुढे ‘या मुलखातली बाई’, म्हणजे येथल्या मूळ रहिवाशांतली, एवढेच. तिचे आधीचे नाव विचारावे असे कोणाला वाटले नाही. स्कॉटलंडची बायको ज्या जहाजाने आली, ते जहाज या पानानंतर सहा वर्षांनी किनाऱ्याला लागले. धाकटी तीन मुले तिची. थोरली चार तिची असणे शक्य नाही. त्यांच्या जन्माच्या वेळी ती समुद्रापलीकडे होती. माझे व्याही, माझी सून आणि माझी नात थोरल्या मुलाच्या शाखेतली आहेत.

मी बाईंना फोन केला.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “माझ्या वडिलांनाही ठाऊक होतं. वहीत नाही, म्हणून भिंतीवरही नको.”

“चार मुलांना आई नको?”

“दिली आहे की. तिनेच वाढवलं त्यांना.”

“वाढवले असेल. जन्म दिला नाही.”

त्या म्हणाल्या, “आता ते नाव घातलं तर लोक काय म्हणतील, कल्पना आहे? काही फायदा पदरात पडावा म्हणून ही मंडळी म्हातारपणी इंडिजिनस, इथली मूळची, झाली. पेपरात अशी प्रकरणं मी वाचते.”

“फायदा मागू नका. नाव लिहा.”

“ते नाव असेल तर भिंत रिकामी राहील,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मुलगा खाली आला. सुनेच्या या आत्याबाईंचा फोन वर स्वयंपाकघरात आधीच पोहोचला होता.

“बाबा, त्यांचं फॅमिली रीयुनियन आहे. तुम्ही कशाला इश्यू करता? जसं सांगतील तसं ड्रॉ करा ना. क्लायंट समजा.”

“क्लायंटने सांगितले म्हणून मी आराखड्यातला खांब कधी गाळला नाही.”

“हा खांब नाहीये, बाबा.”

“मग वरचे सगळे कशावर उभे आहे?”

तो वर गेला. बेसमेंटच्या छतातून बोलणे ऐकू येते. सुनेने विचारले, काय म्हणाले? तो म्हणाला, नाही म्हणाले. ती म्हणाली, “ते मला तुझ्या पावलांवरूनच कळलं. खाली जाताना जेवढा आवाज होता, तेवढा येताना नव्हता.”

येथे एक गोष्ट लिहिणे भाग आहे. ती मुलालाही ठाऊक नव्हती.

आम्ही बेने इस्राएल, कोकण किनाऱ्यावरचे मराठी ज्यू. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण आमचा घाणा शनिवारी बंद असे. आमच्यातही दोन भाग होते, गोरे आणि काळे. कातडीशी त्याचा संबंध नव्हता. बाप आमच्यातला आणि आई बाहेरची, तर मूल काळे, आणि त्याची पुढची सगळी प्रजा काळी. गोरे त्यांच्याशी सोयरीक करीत नसत, त्यांच्या भांड्यात जेवत नसत. माझ्या आईची आजी काळ्यांतली होती. पणजोबांची पहिली बायको मूलबाळ न होता वारली. मग त्यांनी हिच्याशी लग्न केले, आणि भाऊबंदांनी त्यांच्या घरी पाणी पिणे सोडले.

मी दहा वर्षांचा होईपर्यंत पणजी होती. तिचा तांब्या वेगळा, परसदारच्या कोनाड्यात ठेवलेला. नवस फेडताना मलिद्याची थाळी, म्हणजे गोड पोहे आणि पाच फळे, सगळ्यांकडून फिरून तिच्याकडे शेवटी येई. ती दाराशी बसून खाई. तिला लिहिता येत नव्हते. मला तिसापर्यंतचे पाढे तिने शिकवले.

मी एकवीस वर्षांचा असताना थोरल्या बहिणीचे लग्न इस्राएलमध्ये ठरले. त्या काळी तिकडे लग्न नोंदवताना आमच्या लोकांकडे आईकडच्या पिढ्यांचा पुरावा मागत, कारण ज्यूपण आईकडून येते. माझे अक्षर चांगले, म्हणून वंशावळ मी काढली. पणजीच्या जागी पणजोबांच्या त्या निपुत्रिक पहिल्या बायकोचे नाव घातले. वडिलांनी पाहिले आणि सही केली. आईने पाहिले आणि ती चुलीकडे गेली. कागद मंजूर झाला, लग्न झाले. बहीण तिकडे साठ वर्षे नांदली. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणता येईल. मी म्हणत नाही. मागणाऱ्यांना ते मागण्याचा अधिकार नव्हता. तरीही खोटे लिहिणारा हात माझा होता. रेषा सुबक आली होती. आयुष्यात एकदा हे केले. दुसऱ्यांदा करणार नव्हतो, मग भिंत कोणाचीही असो.

शुक्रवारी शाई भरायची होती. पेन्सिलीची आखणी आधीच झाली होती. मूळपुरुषापासून दोन रेषा काढल्या, दोन बायकांच्या, दोन्ही एकाच जाडीच्या. डावीकडच्या रेषेखाली चार मुले, उजवीकडच्या रेषेखाली तीन. डावीकडे बायबलातले नाव लिहिले. त्याच नावाच्या आमच्या घरात दोन आत्या होत्या. त्याखाली लहान अक्षरांत लिहिले : पूर्वीचे नाव नोंदवले गेले नाही. हात आता कापतो. मनगटाखाली शिशाचे वजन ठेवून लिहितो. एका नावाला जिथे पूर्वी दोन मिनिटे लागत, तिथे सहा लागतात.

एक वाजता सून नातीला कडेवर घेऊन कॉफी द्यायला आली. तिने तळाशी मुलीचे नाव शोधले आणि तेथून बोट वर वर नेऊ लागली. आपले नाव, वडिलांचे, आजोबांचे. वरच्या टोकाशी डावीकडच्या नावावर बोट टेकणार, इतक्यात मी म्हणालो, “शाई ओली आहे.”

तिने बोट हवेतच थांबवले. “आत्या हॉलच्या दारातच उभी राहील, बाबा.”

“राहू दे. दार रुंद आहे.”

ती हसली नाही. पण काही बदला असेही म्हणाली नाही. कॉफी कागदापासून दूर, खिडकीत ठेवून गेली.

साडेतीनला व्याह्यांचा पिकअप दारात लागला. इंग्रजीत आमच्या नात्याला शब्द नाही, म्हणून त्यांनी आमचाच घेतला आहे आणि ते तो हौसेने वापरतात.

“व्याही, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल केला नाहीत. मला पाडायचा विचार होता?”

“आमच्याकडे व्याह्याचा मान मोठा असतो. पडलात तर मी उचलणार होतो.”

ते मेजापाशी आले, चष्मा लावला आणि वरून खाली वाचू लागले. खाली पोहोचल्यावर पुन्हा वर गेले. बराच वेळ तेथेच राहिले.

“बहीण हे लावू देणार नाही.”

“तिला शिडीवर चढता येत नाही. तुम्हाला येते.”

“आणि हे चूक निघालं तर?”

“नोंदवहीच्या पानाची आणि जहाजाच्या यादीची प्रत मागे चिकटवली आहे. ज्याला शंका आहे त्याने कागद उलटून वाचावा.”

त्यांनी कागद उलटला नाही. “लहान असताना मी आजीला विचारलं होतं, आपले केस इतके काळे का? म्हणाली, स्कॉटलंडच्या हवेने.”

“मग?”

“मग काय. इथल्या हवेत काय वाईट होतं, कोणास ठाऊक.” त्यांनी चष्मा काढला. “पण तुम्हाला यात एवढं काय पडलं आहे? बाई आमची आहे.”

मी सांगितले. बहीण, कागद, पणजी. पाच-सहा वाक्यांत झाले. साठ वर्षांत पहिल्यांदा सांगत होतो, तरी त्याला जास्त वाक्ये लागली नाहीत.

ते ऐकून घेत होते. शेतकरी माणूस; दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबतो. मग म्हणाले, “आणि तुमचा कागद कुठे आहे?”

“कोणता?”

“तुमच्या पणजीचा. दुरुस्त केलेला.”

अभिलेखागारात तीन बुधवार मी दुसऱ्याच्या घराण्याची चूक शोधत बसलो होतो, आणि जी चूक माझ्या हातची होती तिच्यासाठी कधी टाचणीही उचलली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे जास्त वेळ पाहिले नाही. “शाई वाळली?”

“वाळली.”

आम्ही दोघांनी मिळून कागद गुंडाळला आणि नळीत सरकवला. जिन्यात ते थांबून म्हणाले, “हॉलची शिडी गेल्या वर्षी मोडली. रविवारी माझीच न्यायची आहे. ज्याची शिडी, तो ठरवेल.”

पिकअप गेला तेव्हा चार वाजून पाच मिनिटे झाली होती. सूर्य मावळायला अडतीस मिनिटे उरली होती.

एक लहान कागद घेतला. पेन्सिल वापरली नाही. सरळ शाईने लिहिले. वर पणजोबा. त्यांच्या पहिल्या बायकोचे नाव, त्याखाली काही नाही. दुसऱ्या बायकोचे नाव, तिचे खरे नाव, जे मला ठाऊक होते आणि जे मी एकदा पुसले होते. तिच्याखाली आजी, आजीखाली आई, आईखाली बहीण आणि मी, मग मुलगा, मग नात. बहिणीच्या मुलांना काय वाटेल, याचा विचार केला. त्यांना प्रत पाठवायची, आणि सोबत कारणही लिहायचे, असे ठरवले. रागावले तर माझ्यावर रागावतील. त्याला माझी हरकत नाही.

शाई वाळेपर्यंत निब धुतली, फडक्याने पुसली आणि बाटलीचे झाकण घट्ट लावले. मग कागद घेऊन वर गेलो. मुलगा कामावरून यायचा होता. आला की तो आधी फ्रिज उघडतो. फ्रिजच्या दारावर विंटर टायरच्या दुकानाची दोन चुंबके होती. त्यांनी वरचे कोपरे धरले, पण खालची कड वळत होती. खण उघडून तिसरे शोधले आणि खाली मधोमध लावले.